कडी लावलेले रुपये

दमणहून सांगावा आला, ह्यांना ताप चढलाय, उतरत नाही. हे तिकडे फिरंग्यांच्या मुलखात गलबतं बांधायला सुतार म्हणून गेलेले. पोरगी माझी तान्ही, आणि मी कल्याणच्या पुढे कधी गेलेलीच नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "परका मुलूख, पदराची गाठ कापतात मेले." त्यांनी सोनाराकडून घरातल्या रुपयांना कड्या लावून आणल्या, ते लाल दोऱ्यात ओवले, माझ्या गळ्यात घातले. दागिना म्हणून लपेल आणि लागेल तसा एकेक सोडता येईल, असं आम्हाला वाटलं.

सुटे पैसे सोबत आलेल्या भावजींकडे होते, ते आगगाडीत नि बैलगाडीतच संपले. दमणला नदीवर पोचलो तर ह्यांना ठेवलेला दवाखाना पलीकडे, समोर दिसत होता. मी माळेतला एक रुपया सोडून नाववाल्याला दिला. त्याने तो उलटासुलटा केला नि हसला.

"बाई, हा दागिना झाला. घाल परत गळ्यात."

"अरे, राणीचा रुपया आहे, नीट बघ ना," भावजी म्हणाले.

"राणीच्या डोक्यावर कडी तुम्हीच ठोकलीत ना? जा सराफाकडे."

"दादा, माझा माणूस पलीकडे आजारी आहे रे."

"सगळ्यांचंच कोणीतरी पलीकडे असतं, बाई."

सराफ जेवायला गेलेला. पोरगी रडतेय, मी पायरीवर बसून तिला पाजतेय, डोळ्यांसमोर नाव जातेय, येतेय. सराफ आला, त्याने माळ तोलली, कड्या जोडलेल्या डाखाची तूट कापली, नि फिरंग्यांच्या मिशीवाल्या कुणा राजाचे रुपये पुढे टाकले. हे तरी खरे आहेत का, न विचारताच मी नावेकडे धावले.

पलीकडे गेलो तर खाट रिकामी, गादी उन्हात टाकलेली. तिथला माणूस म्हणाला, "आत्ताच गेले. नाव आली का, सारखं विचारत होते." त्याने ह्यांच्या उशाखालची पुरचुंडी माझ्या हातात दिली. सगळी मजुरी, त्याच मिशीवाल्या राजाची. भावजींनी नदीकाठीच सगळं उरकलं.

कल्याणला वाण्याने ते रुपये परत सरकवले, "हे इथे चालत नाहीत." घरात तर पीठ नव्हतं. मग चांदीच्या भावाने मोडले, एक तेवढा ठेवला. सोनाराने विचारलं, कडी कुठे लावू. मी म्हटलं, लाव डोक्यावरच.

पोरीच्या गळ्यात आहे तो. दात शिवशिवले की तोच चघळत बसते.