डॉयल फादरांची मास्तरकी

देहूरोडच्या अलीकडं, पाद्री घडवायच्या कॉलेजात मी आचारी होतो. पिंपरीत तेव्हा कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या. चुलीमागच्या भिंतीला काजळी धरते ना, तसे तिथले किस्से डोक्यात बसलेत. घासून निघत न्हाईत. आता शेजारी सगळे शिफ्टवाले, ऐकायला सवड कुणाला? तुम्ही बसलाय तर ऐका. मधे बोलू नका.

*

डॉयल फादर आयर्लंडचे. शिकवायचे फिलॉसॉफी, तीही जर्मन-फ्रेंच लोकांची. मराठी शिकूनच आलेले, पण पुस्तकी. चिंचवड स्टेशनावर त्यांची ट्रंक चढवली आणि टांग्याचं घोडं पुढनं उचललं गेलं!

"काय हाय यात?" टांगेवाला ओरडला.

"पुस्तके."

"समदी वाचली?"

"एकच वाचतो आहे. अजून संपले नाही."

"मग बाकीची कशाला वागवताय राव!"

*

एकदा माझी वांगी गायब. बघतो तर एक क्लासात, टेबलावर! भोवती दाढीमिशा फुटलेले विद्यार्थी डोळे फाडून बसलेले.

फादर म्हणाले, "याचे नाव, चव, सारे विसरून आम्ही नुसते पाहतो आहोत."

"विसरा खुशाल, पण माझं तेल तापलंय!"

*

आकुर्डीच्या वाटेवर फादर चालता चालता मधोमध थांबायचे. एकदा मागनं बैलगाडी आली. गाडीवान उतरला.

"काय हरवलं का सायेब?"

"हो. प्रश्न."

"कसला?"

"तोच आठवत नाही."

गाडीवानानं कासरा सोडला आणि वाकून शोधायला लागला!

*

बडे फादर, म्हणजे प्रिन्सिपल, यांना ही थेरं खपायची न्हाईत. जुनं लॅटिन पुस्तक पाठ करून घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. रोमहून तपासनीस येणार होते. त्यांनी रिपोर्ट वाईट दिला की डॉयल फादरांचं शिकवणं बंद.

फादर चहाला माझ्याकडं आले. "आयर्लंडातही याच विचारांपायी कॉलेज सुटले. हेही सुटले तर मला दुसरे काही येत नाही."

"भाकरी थापता येती का?"

हसले न्हाईत. माणूस एरवी कशालाही हसायचा.

*

तपासनीस आले. तिथं जेवताना बोलायची बंदी. एक विद्यार्थी उभा राहून संताचं चरित्र मोठ्यानं वाचणार. बड्या फादरांनी घंटी वाजवली की वाचन थांबणार, मगच बोलणं.

त्या दिवशी वाचायला वसईचा फ्रान्सिस. त्यानं तोंड उघडलं आणि डॉयल फादरांच्या हातनं चमचा पडला. मी मान वळवून बघितलं. फ्रान्सिसच्या हातात संत न्हाई, फादर वर्षानुवर्षं लिहीत होते ते त्यांचे स्वतःचे कागद!

बडे फादर लालबुंद. ओरडायची तर सोय न्हाई. त्यांनी घंटीकडं हात नेला. तपासनीसांनी घंटीवर आपला पंजा ठेवला.

फ्रान्सिस वाचतोय. सगळ्यांचे घास हातात. माझ्या मटणाच्या रश्श्यावर तवंग थिजला. डोकंच फिरलं माझं! नियम गेला चुलीत म्हणून मी तपासनीसांच्या कानाशी लागलो, "साहेब, गरम वाढू का?"

वर न बघता ते म्हणाले, "श्श!"