नंबर टाकलेली झाडं

झाडावर नंबर दिसला की आता मी नजर वळवते. वनरक्षकाने असं करू नये, पण वळवते.

माझं माहेर श्रीरामपूरचं, चहूबाजूंनी उसाचं. नोकरी मात्र मिळाली जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला, एका डोंगरावर. तिथलं सरकारी जंगल राखायचं, एवढंच काम होतं. मग यंदा नवीन काम आलं. राखलेलं जंगल हवेतला कार्बन किती धरून ठेवतं, ते मोजायचं. चौकोन आखायचा, आतल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा आणि खोडावर लाल रंगाने नंबर टाकायचा. वर्षाने त्याच झाडांना पुन्हा टेप लावायचा. घेर जेवढा वाढेल, त्यावरून लाकडात किती कार्बन साठला ते कळतं.

मी जन्माची काळजीखोर. टेप ढिला धरला गेला तर? पावसात रंग धुऊन गेला तर? म्हणून प्रत्येक झाड दोनदा मोजलं आणि नंबरावर रंगाचे दोन हात दिले. पार पायथ्यावरून दिसावेत असे.

पायथ्याच्या वस्तीवर एक मावशी राहतात. शेळ्या राखतात. वणवा लागला की मला फोन यायच्या आत त्या ओल्या फांद्या घेऊन वर पोचलेल्या असतात. कुऱ्हाड घेऊन कुणी चढताना दिसला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. खरं सांगायचं तर तो डोंगर माझ्यापेक्षा त्याच जास्त राखतात. मी नंबर टाकत होते तेव्हा त्या समोरच्या दगडावर बसून होत्या.

"काय करतीस गं बाई?"

"वरून आलंय, मावशी."

आमच्या खात्यात हे उत्तर सगळ्यालाच चालतं. आता यांना कार्बन कुठून समजावू, असं मला वाटलं. खरं तर उन्हाने कंटाळा आला होता.

"समद्यास्नी टाकनार?"

"आतल्या सगळ्याच."

त्या उठल्या आणि शेळ्या घेऊन खाली गेल्या.

आठवड्याने मी वर गेले तर पाच झाडं नव्हती. धावड्याचे ताजे बुंधे उरले होते. लाज वाटते, पण आधी मला नोकरीची भीती वाटली, झाडांची नंतर. कुणी टेम्पो आणला असेल, टोळी असेल, असं काय काय डोक्यात आलं. चाकांच्या खुणा मात्र कुठेच नव्हत्या. लाकडं ओढत नेल्याचा माग सरळ वस्तीकडे उतरत होता, आणि तो मावशींच्या अंगणात संपला. ओंडके नीट रचून ठेवले होते, लपवलेलं काहीच नव्हतं. एकावर माझ्याच हातचा सात होता.

"मावशी, तुम्ही?"

"मंग काय करू? खालचा रस्ता रुंद करताना तिथल्या झाडांवर असंच नंबर टाकलं हुतं. म्हैन्यात एक लिंब न्हाई ऱ्हायला. माज्या सासऱ्यानं पानी घालून वाढवल्याले. टेम्पो भरून नेले, आमाला काटकीबी न्हाई दिली. ही बी जानारच हुती, मंग निदान आमच्या चुलीला तरी लागू देत. तुज्याच हातानं टाकलेस नव्हं नंबर? म्या समोरच बसल्ते."

"अहो, ते तोडायला नव्हते. राखायला होते!"

"राखायला नंबर कशाला लागतोय?"

मग मी सांगितलं. गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरातून हवेत जाऊन ऊन वाढवणारं जे असतं, ते झाड पानांतून ओढतं आणि लाकडात साठवतं. झाड उभं राहिलं तर ते आतच राहतं. जाळलं की पुन्हा हवेत जातं. ते मोजायला नंबर. हे सांगायला पाच मिनिटं लागली आणि त्यांना सगळं समजलं. समजलं हे त्यांचा चेहरा पाहूनच कळलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तवा का न्हाई सांगितलंस? इचारलं हुतं म्या."

तेवढ्यात त्या ताडकन उठल्या.

"अगं, बाकीची आनायला चार घरची गडी आत्ताच वर गेल्यात. म्याच सांगितलंय त्यांना!"

गुडघे दुखणारी ती बाई माझ्या पुढे चढत होती आणि वाटभर हाका मारत होती. वर पोचलो तेव्हा आणखी दोन झाडं पडली होती. तिसऱ्यावर कुऱ्हाडीचा घाव बसला होता. मावशींनी त्या माणसाच्या हातातून कुऱ्हाड हिसकावून घेतली आणि त्याच झाडाखाली बसून रडल्या. मला रडूही येईना.

गुन्हा नोंदवणं भाग होतं. "लिही माजं नाव," त्या म्हणाल्या, "म्याच तोडल्याती." मी कागद पुढे ओढला. तोडीच्या कारणासमोर लिहिलं, 'विचारूनही वनरक्षकाने माहिती दिली नाही.' जबाबदार व्यक्तींच्या रकान्यात पहिलं नाव माझं घातलं, मग त्यांचं. कागद पाठवून आज चार दिवस झाले. फोन वाजला की तो उचलायच्या आत मला त्यांचा प्रश्न ऐकू येतो, 'तवा का न्हाई सांगितलंस?' त्याला उत्तर म्हणून अजूनही 'कंटाळा आला होता' याखेरीज माझ्याकडे काही नाही.