मुठीचं लॉक

धा वर्सं ज्याला भाऊ म्हणून राखी बांधली, त्यो रामहरी मेकॅनिक. नेकनूरात गॅरेज हाय त्याचं. त्याच्याबद्दल चांगलं बोलायला मला कुणी सांगू नगा.

सांगायचंय ते आमच्या माणसाचं. नाव मी घेत न्हाई. गाव त्यांना शहादेव म्हणतंय. लगनानंतर आठ हंगाम आमी जोडीनं ऊस तोडला. आठव्या साली ट्रक भरताना मोळी निसटली आन् त्यांच्या उजव्या मनगटावर बसली. हाड जुळलं, पर मूठ नीट आवळंना. मग दूध सोसायटीची लाईन भेटली. फटफटीला कॅन अडकवायचे आन् गावोगावचं दूध सोसायटीत आणायचं. आमचं माणूस इतकं खूश, कॅन घासताना गाणं म्हणायचं!

दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, आन् वीस किलोमीटरचा फेरा पन्नासावर गेला. मूठ पिळून रेस धरून धरून त्यांचं मनगट लई सुजायचं. घरी आले की तांब्या बी डाव्या हातानं उचलायचे.

मीच शहाणी! मीच रामहरीकडं गेले. म्हणलं, "दादा, ह्यांचा हात चालंना. चेअरमनला कळलं तर लाईन जाईल. काही तरी कर, पर तोंड उघडू नको."

"ताई, येडी का काय तू? माझ्या पोटातच राहील."

त्यानं पुण्याहून कडीवानी एक लॉक मागवलं, फटफटीच्या मुठीच्या टोकाला बसवलं, स्क्रू आवळला. रेस कुठं अडकत न्हाई ना म्हणून हँडल डावं-उजवं वळवून बघितलं. अंगठ्यानं खटका दाबला की मूठ हाय तिथंच थांबायची, हात मोकळा. परत दाबला की रेस आपोआप उतरायची. कुणाला दिसू नये म्हणून वरून काळा रंग मारला. मी त्याला दोनदा चहा पाजला.

पंधरा दिवस सुखाचे गेले. मग एका सकाळी चेअरमन सोसायटीच्या दारात उभे. दुधाकडं बघितलं बी न्हाई. सरळ मुठीपाशी वाकले आन् त्यो खटका दाबला.

"शहादेव, हे कावून लागतंय रं तुला? उचल बरं कॅन उजव्या हातानं."

कॅन गुडघ्याच्या वर गेला न्हाई. सगळ्यांदेखत दूध सांडलं. सोमवारपासून लाईन रामहरीच्या मेव्हण्याला!

खटक्याची गोष्ट आमा तिघांनाच ठाऊक होती. मी तडक गॅरेजात गेले. त्यो मान खाली घालून पाना पुसत म्हणतो, "ताई, लॉक लावून गाडी हाकणं धोक्याचं हाय. तुझ्या कुंकवासाठीच सांगितलं."

"आरं मुडद्या, काळजी माझ्या कुंकवाची आन् लाईन तुझ्या मेव्हण्याला?"

त्यो पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली शिरला.

दसऱ्याआधी मुकादम ऊसतोडीच्या टोळीची यादी करायला आला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी आमची मोजणी. त्यानं वहीत लिहिलं, "कौशल्याबाई, अर्धा कोयता."

मी म्हणलं, "अर्धा कावून?"

"ह्यांचा हात कामातून गेलाय म्हणं. रामहरी सांगत होता."

आमचं माणूस दाराला टेकून उभं होतं. हळूच म्हणले, "आन् मी?"

मुकादमानं वहीतून डोकं वर केलं न्हाई. "तुमी तळावर पाचटाच्या कोप्या राखा. बायका फडात गेल्या की लेकरांकडं बघा."

ते "बरं" म्हणले. भांडले न्हाईत, काही न्हाई, नुसतं बरं. त्या एका "बरं"साठी मी रामहरीला जन्मात माफ करणार न्हाई.