‘येस, टीचर’ म्हणणारा वर्ग

झाबेदांना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. वर्गातल्या पोरांना ते ठाऊक होतं. बाई हळू बोलायला लागल्या की शेवटच्या बाकावरचाही सरळ बसायचा.

तरेंगानूच्या किनाऱ्यावरच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत आणि मी मलय भाषा. त्यांचे वडील होडी घेऊन समुद्रावर जात, आई माशांचे पापड वाळवून विकायची. अशा घरातली मुलगी विद्यापीठापर्यंत पोचली, कारण त्या काळी आमच्याकडं पहिलीपासून पदवीपर्यंतचं विज्ञान मलयमध्ये होतं. "इंग्रजीत असतं, तर मी अजून मासे साफ करत बसले असते," असं त्या म्हणायच्या. त्यात कौतुक करून घेणं नसे. घडलं ते सांगत, एवढंच.

मग वरून हुकूम आला. गणित आणि विज्ञान इंग्रजीत शिकवा. लॅपटॉप आले, पडदे आले, इंग्रजीत शिकवणाऱ्यांना जादा भत्ता आला. जुनी मलय पुस्तकं रद्दीत गेली. विज्ञानाचा एकेक शब्द मलयमध्ये घडवण्यात आमच्या आधीच्या शिक्षकांची हयात गेली होती. त्या पानांच्या पुड्यांत बाजारात शेंगदाणे मिळायला लागले. मी एक पुडी आणून शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ठेवली. कोणी शेंगदाणे खाल्ले नाहीत. कोणी काही बोललंही नाही, याचाच मला जास्त संताप आला.

झाबेदा आधी इंग्रजीत वाक्य म्हणायच्या आणि मग हळूच मलयमध्ये समजावून सांगायच्या. हेडमास्तर वान रम्ली हे जाणून होते. "चेगू, दार लावून काय हवं ते करा," ते म्हणायचे. आमच्याकडं बाई असोत की गुरुजी, सगळे चेगूच. "पाहुण्यांसमोर मात्र माझी अब्रू राखा."

पाचवीत सुहादा नावाची मुलगी होती. बापाची होडी, आईचे पापड, अगदी झाबेदांसारखंच घर. भाषेच्या तासाला ती मला ‘का’ विचारून हैराण करायची. विज्ञानाच्या तासाला गप्प. सहावीच्या परीक्षेत चांगले गुण पडले, तर तिला शहरातल्या वसतिगृहाच्या शाळेत जागा मिळणार होती. नाहीतर पापडांची घमेली होतीच. झाबेदांचा सगळा जीव त्या एका जागेत अडकला होता.

शिक्षण खात्याकडून तपासणीला पुआन हस्लिंडा आल्या; पुआन म्हणजे बाईसाहेब. शेजारच्याच गावच्या. कँटीनमध्ये आमच्याच बोलीत गप्पा मारत त्यांनी मासळीची आमटी दोनदा मागून घेतली. वर्गात पाऊल टाकलं आणि त्यांची भाषा बदलली.

तास बाष्पीभवनाचा होता. दार उघडं होतं, म्हणून झाबेदांनी तो सगळा इंग्रजीत घेतला. शेवटी पुआन उठल्या आणि मुलांना इंग्रजीत विचारलं, "समजलं का?"

"येस, टीचर!" सगळा वर्ग.

"काही शंका?"

"येस, टीचर!"

त्या हसून थांबल्या. कोणीच शंका विचारली नाही. "म्हणजे शंका नाही ना?"

"येस, टीचर!"

यात चावटपणा नव्हता. आमच्या घरांत पोराला चालायला लागल्यापासून एक शिकवतात, की पाहुण्यापुढं घरच्यांची मान खाली जाईल असं बोलायचं नाही. काय विचारलं ते न कळूनही मुलं पाहुणीचा आणि आपल्या चेगूचा मान राखत होती. पुआन स्वतः अशाच घरात वाढलेल्या. त्यांना हे ओळखू येऊ नये?

त्या हेडमास्तरांना म्हणाल्या, "उत्तम प्रतिसाद. या तासाचा आपण नमुना पाठ करू. सगळ्या शाळांना दाखवू."

वान रम्लींचा चेहरा उजळला. दारात उभ्या असलेल्या मला झाबेदांचा आवाज ऐकायला कान द्यावा लागला. त्या मुलांशी मलयमध्ये बोलत होत्या.

"बाळांनो, आज खरं बोललात तर मला वाईट वाटणार नाही. खोटं बोललात तर वाटेल. ज्याला धडा कळला नाही, त्यानं हात वर करा."

कोणी हललं नाही. मग सुहादानं रडवेल्या चेहऱ्यानं हात वर केला. तिच्या मागून एकेक करत सगळे.

"चेगू!" वान रम्ली दबक्या आवाजात ओरडले. "पाहुण्यांसमोर?"

"आता नमुना पाठ दाखवा सगळ्या शाळांना," झाबेदा म्हणाल्या.

पुआन लाल झाल्या. त्यांनी उत्तर दिलं ते मात्र आमच्या बोलीत, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं. "काक, आम्ही काय हे ठरवलं? आम्हाला वरून येतं."

"ठाऊक आहे. मग वर जाऊन सांगा ना!"

वर कोणी काही सांगितलं नाही. अहवालात शाळेला ‘उत्तम’ शेरा मिळाला. झाबेदांकडून विज्ञान काढून घेतलं आणि चित्रकला आणि शाळेची बाग दिली. त्यांच्या जागी आलेला तरुण सज्जन होता, त्याचं इंग्रजी झकास होतं, आणि त्याच्या तासाला वर्ग पुन्हा ‘येस, टीचर’ म्हणायला लागला. झाबेदांनी सुहादाला घरी शिकवायला बोलावलं, पण मासळीच्या हंगामात आई तिला सोडेना. सुहादाला जागा मिळाली नाही.

पुढं काही वर्षांनी हुकूम मागं घेतला गेला. चूक झाली, असं मात्र कोणी म्हटलं नाही. मधल्या पोरांना कोणी परत बोलावलं नाही. तोवर झाबेदा निवृत्त झाल्या होत्या.

परवा आम्ही दोघं बाजारात गेलो होतो. रस्त्याकडेला सुहादा पापड तळत होती. शेजारी तिची चिमुरडी. तिनं कढईकडं हात नेला तशी सुहादा ओरडली, "नो! हॉट! कम हिअर!"

"घरातही इंग्रजीच का गं?" मी विचारलं.

सुहादा लाजली. "चेगू, मला येईल तेवढं बोलते. मलयनं माझं काय झालं, बघताय ना. हिला तरी पुढं जाऊ दे."

झाबेदांनी पापड घेतले, पोरीच्या गालाला हात लावला आणि निघाल्या. वाटेत माझं तोंड मात्र सुटलं. मलयनं? मलयनं काय केलं हिचं? मलय तर हिच्यापासून काढून घेतली!

"मग तिला तसं सांगितलं का नाहीत?" मी त्यांना विचारलं.

झाबेदांचा आवाज इतका उतरला होता की मला त्यांच्याजवळ सरकावं लागलं.

"तिला कशाला सांगू? तो हुकूम तिनं काढला होता का?"