निवेदनाचे वाचक

आमच्या नाशिकच्या महिला केंद्रात मी नोंदी ठेवायला गेले ती संशोधनाच्या शिस्तीने. प्रत्यक्षात वहीत साठले ते किस्से! पुरावा म्हणून त्यांची किंमत शून्य, पण शास्त्रशुद्ध नोंदी मी केव्हाच विसरले आणि हे मात्र विसरता येत नाहीत.

\*

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा व्हायच्या आधीची ही गोष्ट. कमल लासलगावला कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची. नवऱ्याने मारहाण करून तिला घराबाहेर काढलं आणि ती बहिणीकडे पंचवटीत येऊन राहिली. आमचे वकील म्हणाले, "फौजदारी तक्रार करू. नवरा जेलमध्ये जाईल."

"त्याला कशाला जेलात धाडता?" कमल म्हणाली. "मला माझ्या घरात धाडा की! तिथली चूल मी घातली हाय."

नवऱ्याला शिक्षा द्यायची सोय कायद्यात होती. बाईला तिच्या घरात ठेवायची नव्हती. ती व्हावी म्हणून आम्ही लोकप्रतिनिधींना निवेदनं द्यायला लागलो.

\*

मसुदा मी केला. अकरा पानं, तळटीपांसह. केंद्र चालवणाऱ्या सुशीलाताईंनी तो हातात तोलून पाहिला. "अहो, पुढाऱ्यांनी यावर निर्णय घ्यायचाय की पीएच.डी. करायचीय?"

मी दुखावले. निदान कमलला कळावं म्हणून नाव बदलून लिहिलेलं तिचंच प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. तिने डोळ्यांना पदर लावला. "लय वाईट झालं हो त्या बाईचं. कुठली म्हणायची ती?"

\*

पहिल्या लोकप्रतिनिधींनी निवेदन न उघडताच कोपऱ्यात लिहिलं, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी.' ते जिल्ह्याच्या कचेरीत गेलं, तिथून दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्या. दीड महिन्याने एक जाडजूड सरकारी पाकीट आमच्याच केंद्रात आलं. आत आमचंच निवेदन! सोबत पत्र: आपल्या स्तरावर योग्य ती कार्यवाही करून अहवाल सादर करावा.

सुशीलाताईंनी शांतपणे त्याला आवक क्रमांक दिला.

\*

सह्यांच्या मोहिमेत एका गृहस्थांनी आम्हांला घरात बसवलं, पाणी दिलं आणि स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर वीस मिनिटं भाषण केलं. मग एकाखाली एक दोन सह्या केल्या.

"दुसरी कोणाची?" मी विचारलं.

"मिसेसची. तिला कशाला उठवायचं स्वयंपाकातून!"

\*

दुसरे लोकप्रतिनिधी तत्त्वज्ञ निघाले. "ताई, असल्या कायद्यांनी घरं मोडतात."

कमल पुढे सरकली. "माझं घर शाबूत हाय सायेब. दाराला कुलूपबी नवं हाय. मीच तेवढी भायेर हाय!"

\*

तिसऱ्यांचा तालुका सांगत नाही. मी आणि कमल सकाळीच त्यांच्या बंगल्यावर गेलो. साहेब आंघोळीला गेले होते. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. निवेदन टीपॉयवर होतं. त्यांनी ते उचललं आणि उभ्याउभ्याच वाचू लागल्या. तळटीपांसकट! तिसऱ्या पानावर थांबल्या. घरात राहण्याच्या हक्काची मागणी त्या पानावर होती.

"घर यांच्या एकट्याच्या नावावर असलं, तरी बायकोला काढता येणार नाही?"

"नाय काढता येणार," कमल म्हणाली. "त्येच तर मागतोय आम्ही."

"जरा आत नेते," म्हणून त्या निवेदन घेऊन गेल्या, दोन मिनिटांनी आणून ठेवलं आणि कपबशा उचलून पुन्हा आत गेल्या.

साहेब आले. आमच्या दुर्दैवाने हे पानं उलटून पाहणारे निघाले.

"दोननंतर एकदम चार? तिसरं पान कुठंय?"

सकाळी निघताना मी पानं दोनदा मोजली होती. तसं सांगायला मी तोंड उघडलं. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकाएकी थांबला. कमलने माझं मनगट धरलं.

"घरीच ऱ्हायलं आसंल सायेब. आमच्या म्याडम लय विसरभोळ्या हायेत!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "फारच."