पाकिझेच्या वाट्याचा समुद्र

बीतेझच्या किनाऱ्यावर दुपारचा वारा पडला की समुद्र, आभाळ आणि पाकिझे ही तिघंही अर्धवट झोपेत असतात. ती आपल्या लाकडी धक्क्याच्या टोकाशी बसते, पाय पाण्यात सोडते आणि कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ देते. पंचाहत्तरी उलटली आहे तिची. मागे तिचं सहा खोल्यांचं पांढरंशुभ्र पाहुणघर, त्यावर चढलेली बोगनवेल. पाहुणे विचारतात, आजी, एवढी सुंदर जागा तुम्ही मिळवलीत कशी? ती म्हणते, "मिळवली कुठली! माथी मारली माझ्या."

खोटं नाही ते. तुर्कस्तानातल्या बोद्रुमच्या या बाजूला रीतच तशी होती. संत्र्यांच्या बागा, काळी माती, गोड्या पाण्याची विहीर मुलग्यांना. समुद्रालगतची खारी, पडीक वाळू मुलींना. मुलगी काय, परक्याच्या घरची! पाकिझेचे वडील मुर्तझा शहाणे गृहस्थ होते, म्हणून चारचौघांसारखेच वागले. थोरल्या रिफातला बाग दिली, पाकिझेला वाळू. सासरच्या बायका वर्षभर म्हणत होत्या, "सूनबाईंनी माहेराहून खेकडे आणले हो!"

त्या वाळूवर झोपडी बांधून ती नवऱ्याबरोबर, इल्यासबरोबर राहिली. इल्यास स्पंज काढणारा पाणबुड्या. बोद्रुमच्या किल्ल्यात आज समुद्रतळाचे मातीचे रांजण काचेमागे मांडलेत, लोक तिकीट काढून बघतात. तसल्या रांजणांवर पाय टेकून तो उभा राहत असे. एकदा खोलातून घाईने वर आला आणि कमरेखाली लुळा पडला. मग नऊ वर्षं तो दारात बसून तळाबद्दल बोलत राहिला. तिथला हिरवा उजेड, तिथली शांतता, वाळूत निजलेली जहाजं. पाकिझेला पोहता येत नाही, पण डोळे मिटले की ती अजूनही तिथे हिंडून येते. दुपारी ती लगेच ओ देत नाही ती त्यामुळेच.

तसं पाहिलं तर कुणाचं काय कुणाच्या वाट्याला जाईल, याचा आमच्या मुलखात नेम नाही. एका राजाने जगभर नाव होईल अशी कबर बांधून घेतली, आणि पुढे परक्या सरदारांनी तिचे दगड उपसून किल्ल्याला लावले. पाकिझेच्या वाळूचंही असंच झालं. एका वसंतात तंबू घेऊन एक जर्मन जोडपं आलं. तिने त्यांना पाव आणि तळलेले मासे दिले. पुढच्या वर्षी पाच जण आले. मग एक खोली झाली, मग दुसरी.

तिकडे रिफातच्या संत्र्यांना कुणी विचारेना. अठरा वर्षांपूर्वी एका लग्नात तो भरल्या मांडवात म्हणाला, "बाबांना समुद्राचा भाव कळला असता, तर किनारा मलाच दिला असता."

"म्हणजे बाग मला मिळाली असती का, आबी?" पाकिझेने विचारलं. थोरल्या भावाला ती लहानपणापासून आबीच म्हणते. "की तेव्हाही खेकडेच?"

मांडव हसला. रिफात उठून गेला आणि त्या दिवसापासून बहिणीशी बोलला नाही.

पण रीत ती रीत. रोजे संपून बायराम आला की धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचं, हाताचं चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावायचा. थोरल्याला तो मागे घेता येत नाही. त्यामुळे पाकिझे दर वर्षी जायची. रिफात हात द्यायचा, शब्द द्यायचा नाही. शब्द वहिनीमार्फत यायचे.

"नाजिये, तिला म्हणावं, खुर्ची सावलीत घे."

"नाजिये, तिला विचार, गुडघा कसा आहे."

"तीन हातांवर बसलीय ती!" नाजिये कावायची. "मी काय टपालपेटी आहे?" पण निरोप पोचवायची, वर आपल्या पदरचा गोडवाही घालायची.

गेल्या हिवाळ्यात नाजिये गेली. यंदाच्या बायरामला पाकिझे डोक्याला नवा रुमाल बांधून बागेच्या फाटकाशी पोचली. आता आबीचा शब्द आपल्यापर्यंत यायला वाटच उरली नाही, हे तिला उमजलं होतं. हात मिळेल. त्यानंतर काय, दोघं मरेपर्यंत मुकेच?

संत्र्यांच्या मोहराचे दिवस होते. एरवी या दिवसांत त्या वासाने वाटेतच गुंगी यायची. यंदा तो वास नव्हताच. अर्धी झाडं काटक्या होऊन उभी होती. रिफात विहिरीजवळ बाकावर बसला होता, एकटा. तिने त्याचा हात ओठांना लावला, कपाळाला लावला. हात हलका लागला, सुकल्या पानासारखा. त्याने खुर्चीकडे नुसतं बोट केलं.

कॉफी करणारं कुणी नव्हतं. पाकिझेने स्वतःच पोहरा ओढला आणि ओंजळीने पाणी प्यायली. बीतेझमध्ये सर्वांत गोड पाणी या विहिरीचं. पण घोट खारट लागला. किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी जमिनीतलं गोडं पाणी वर्षानुवर्षं उपसलं होतं. तिच्या सहा खोल्यांनीही उपसलं होतं.

"आबी," ती पुटपुटली, "समुद्र आत आलाय रे."

डोळ्यांनी रिफातने नाजियेला शोधलं, सवयीने. मग घसा खाकरला.

"तुझ्या वाट्याचा आहे ना?" तो म्हणाला. "घेऊन जा परत."

अठरा वर्षांनी ऐकलेला तो आवाज किती म्हातारा झाला होता! टोमणा होता की विनवणी, कोण जाणे. पाकिझेला रडू कोसळलं, आणि त्यातच हसूही फुटलं.

"नेते की," ती नाक पुसत म्हणाली. "पण एका खेपेत कसा व्हायचा? रोज यावं लागेल मला."

रिफातने बाकावर थोडं सरकून जागा केली.

"ये मग," तो म्हणाला.