देवळीपासून दोन मैल

हे मी लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील सही करतात, आईला तेवढंही येत नाही. लिहिणाऱ्याजवळ सांगण्यासारखं काही मोठं असावं, असं मला वाटत आलं आहे आणि माझ्याजवळ आहे तो मैल आणि किलोमीटर यांचा एक वाद. एवढ्याशा गोष्टीसाठी आपला वेळ घेतो आहे, याची माफी आधीच मागतो.

मी वर्ध्याला शिकत होतो तेव्हा, म्हणजे सत्तर सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत, आमच्याकडे दोन्ही मापं चालू होती. आई पावशेर गूळ आणायला सांगायची, दुकानदार अडीचशे ग्रॅम तोलायचा. कापडवाला मीटरने फाडायचा, शिंपी मात्र किती वार लागेल ते सांगायचा. थोडं कमीजास्त व्हायचं, पण त्यावरून कोणी भांडत नसे. भांडण व्हायचं रस्त्यावरून. देवळीच्या डांबरी रस्त्यावरचे मैलाचे दगड काढून किलोमीटरचे बसवले आणि वर्ध्याचा आकडा एकदम फुगला. एसटीने भाडं वाढवायला ही युक्ती काढली, असं चावडीच्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांचं ठाम मत होतं. मैल होते तेव्हा वर्धा जवळ होती, असं ते म्हणत. रस्ता तेवढाच आहे, फक्त माप लहान केलं आहे, हे मी दोनदा समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यातला एक म्हणाला, "मंग लहान मापानं मोजाले सांगतलं कोणं?" 

आमचं गाव त्या डांबरी रस्त्यावर नाही. देवळीहून गावापर्यंत बैलगाडीची वाट आहे, मध्ये एक नाला. त्या वाटेवर दगड कधीच नव्हता. गाव देवळीपासून दोन मैल, असं सगळे सांगत आणि आजोबांच्या वेळेपासून सांगत आले होते. मीही कॉलेजात तेच सांगायचो.

गावातली शाळा सातवीपर्यंत. माझी धाकटी बहीण त्या उन्हाळ्यात सातवी पास झाली. पुढची शाळा देवळीला. मुलं जात, पण नाल्यामुळे आणि सुनसान वाटेमुळे मुलींना कोणी पाठवत नसे. बहिणीला शिकायचं होतं. ती फार बोलायची नाही, पण माझी जुनी पुस्तकं तिने कव्हर घालून ठेवली होती. गावातच आठवीचा वर्ग मिळू शकतो, पण जवळचं हायस्कूल पाच किलोमीटरच्या आत असेल तर मिळत नाही, असं आमच्या मास्तरांना कळलं होतं. त्यांनी अर्ज पाठवला. पावसाळा संपला की शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येतील, असा निरोप आला.

दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटरसुद्धा होत नाहीत. मी हिशोब केला आणि माझं मन खचलं. पण ती वाट मी किती वेळा चाललो होतो, आणि ती सव्वातीन वाटत नव्हती. म्हणून एका रविवारी सायकलच्या चाकाला चिंधी बांधली, चाकाचा एक फेरा दोरीने मोजून घेतला आणि गावापासून देवळीच्या शाळेपर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो. बहीण फेरे मोजायला सोबत होती. वाटेत तिने विचारलं, "दादा, मैल मोठा का किलोमीटर?"

मैल मोठा, मी सांगितलं.

"मंग तू किलोमीटरमंधीच सांगजो. आकडा मोठा दिसन."

गाव जितकं दूर निघेल तितकं तिला हवं होतं. हिशोब साडेपाच किलोमीटरच्या थोडा वर गेला. परत येताना ती माझ्या पुढे चालत होती.

मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. मी त्यांना आकडा सांगितला. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी पान लावता लावता विचारलं, हे आणखी कोणाला सांगितलं काय. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. दोन मैल हे कोणी मोजलेलं नव्हतंच. आडवाटेच्या गावात लोक मुली देत नाहीत, म्हणून सोयरिकीला येणाऱ्यांना जुन्या माणसांनी तसं सांगायला सुरुवात केली होती आणि नंतर सगळ्या गावानेच ते धरून ठेवलं. त्या वर्षी मोठेबाबांच्या मुलासाठी अल्लीपूरकडची एक मुलगी जवळजवळ जमली होती; घर पाहणं आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, तेवढं बाकी होतं. साहेबांसोबत येणारा शिपाई तिच्याच गावचा होता.

"शाळा पुढल्या साली भी येईन," ते म्हणाले. "पोरगी हातची गेली तं मी कोणाच्या दारात जाऊ? घरोघरी पोट्टे बसून हायेत लग्नाचे. तुले काय, तू वर्ध्याले राह्यतं."

वडील बाजूला बसून होते. ते मोठ्या भावासमोर कधी बोलत नसत.

पाहणीच्या दिवशी मी कॉलेज बुडवून आलो. साहेबांना आणायला गावाने दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, पाठवली होती. बसायला गादी होती, त्यामुळे साहेब वाटभर झोपून आले. ओट्यावर चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, देवळीची शाळा इथून किती. मोठेबाबा म्हणाले, दोन मैल. बाकीच्यांनी माना हलवल्या. मास्तर खाली पाहत राहिले. त्यांना त्याच गावात नोकरी करायची होती.

मी उभा राहिलो. मोजून पाहिलं आहे आणि साडेपाच किलोमीटर भरतं, असं सांगितलं.

साहेबांनी कशाने मोजलं ते विचारलं. सायकलच्या चाकाने म्हटल्यावर हसू उसळलं. "बाप्पा, चाकात हवा कमी असन," कोणीतरी म्हणालं, आणि शिपाईही हसला. किलोमीटर शिकून आलेल्या पोरांना सगळं दूरच दिसतं, असं एका म्हाताऱ्याने साहेबांना समजावलं. साहेब वाईट नव्हते. ते मला म्हणाले, इतकी जुनी माणसं एकमुखाने सांगतात, तर मी तुझं एकट्याचं कसं लिहू? त्यांनी दोनचे सव्वातीन करून लिहून घेतले.

बहीण दाराआड होती. मी घरात आलो तेव्हा ती चुलीपाशी जाऊन बसली होती. 

वर्ग मिळाला नाही. पुढच्या वर्षीही मिळाला नाही. पाहणीच्या त्याच वर्षी माझी परीक्षा आली, मग खोलीचं भाडं भागवायला शिकवण्या धरल्या, आणि घरी जाणं कमी झालं. त्यातच एकदा वर्ध्याच्या एसटी स्टँडवर गावचा एक शेतकरी भेटला. भाजी विकून परत चालला होता. मी घरची खुशाली विचारली.

तो म्हणाला, मुलीकडचे घर पाहायला आले होते. त्यांना आणायला निघालेली गाडी नाल्यातच फसली, म्हणून ते देवळीपासून पायीच आले. त्यांच्यातला म्हातारा ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि इतकंच म्हणाला, "हे दोन मैल होय?" सोयरीक मोडल्यातच जमा होती. मध्यस्थाने दोन दिवस खटपट केली तेव्हा ते तयार झाले. इतक्या आडवाटेला आपली मुलगी द्यायची, तर या घरचीही एक मुलगी त्यांच्या थोरल्यासाठी हवी, असं साटंलोटं ठरलं. मोठेबाबांना मुलगी नाही.

 त्याची गाडी लागली होती. टोपली उचलता उचलता त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुया बहिणीचं साक्षगंध झालं न परवा," तो म्हणाला. "तुले कोणं सांगतलं नाई काय?"